हिमनदी समुद्राचा काठ कसा वाढवते: फिशटँकमध्ये करून पाहा

गोदेचा पूर ओसरला की घाटाच्या पायऱ्यांवर चिखल राहतो, खडे पात्रातच अडकतात. पाणी गाळ निवडून टाकतं. ध्रुवाजवळच्या समुद्रात गाळ आणतो बर्फ, आणि तो चाळत बसत नाही. त्यामुळे तिथला खंडाचा पाण्याखालचा काठ वेगळ्याच तऱ्हेने वाढतो. हे बघायला जुनी काचेची फिशटँक पुरते. एप्रिलात मात्र करू नका, बर्फाची लादी हातातच वितळेल. नाशिकची डिसेंबर-जानेवारीची थंडी उत्तम.

आदल्या रात्री चपट्या डब्याच्या तळाला बारीक खडी, वाळू आणि काळी माती पसरा. भिजेल इतकंच पाणी घालून गोठवा, मग वर तीन बोटं पाणी ओतून पुन्हा गोठवा. एकदम ओतलंत तर माती वर येते, आणि आपल्याला खरखरीत तळ हवाय.

टँकच्या अर्ध्या भागात ओल्या वाळूचा चार बोटं उंच ओटा थापा, पुढे उतार सोडा. ओटा म्हणजे भूखंडमंच, किनाऱ्यालगतचा तुलनेने उथळ समुद्रतळ; उतार म्हणजे खंडान्त उतार, मंचाच्या कडेपासून खोल समुद्राकडे उतरणारा. पाणी ओट्यावर जेमतेम बोटभर. जास्त झालं तर लादी तरंगते आणि खरवडणं बंद. खरी मेख इथेच आहे: हिमनदी जिथवर तळाला टेकलेली असते तिथवरच ती तळ खरवडते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी अंटार्क्टिकाचा बर्फ बऱ्याच ठिकाणी मंचाच्या कडेपर्यंत टेकला होता.

आता लादी काचेला लावून, वरून दाबत, सावकाश कडेकडे ढकला. ओट्यात चर पडेल. खडी, वाळू, चिखल असा सगळा मिसळलेला माल कडेवरून घसरेल. काठ तेवढा पुढे आला. लादी काढा आणि सगळीकडे गुलाबी रांगोळी भुरभुरा. दोन हिमयुगांच्या मधे बर्फ मागे हटतो, तेव्हा डायटम या सूक्ष्म शैवालांची कवचं अशीच हळूहळू तळाशी बसतात.

तीन-चार फेऱ्या करा, मग काचेतून बघा. लादीच्या वाटेतली रांगोळी दर फेरीला पुसली जाते. उतारावर मात्र गुलाबी रेघा एकाखाली एक टिकतात. म्हणूनच जुन्या हिमयुगांचा हिशेब शोधणारे उतारावर भोक पाडतात. पूर्व अंटार्क्टिकातल्या लॅम्बर्ट हिमनदीचा गाळ प्रिझ उपसागराच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरलाय. समुद्रतळ खोदून नमुने काढणाऱ्या जॉइडेस रेझोल्यूशन जहाजाने २००० साली त्यात भोक पाडलं. भारताचं भारती संशोधन केंद्र याच उपसागराच्या काठावर आहे.

चराची खोलीही पट्टीने मोजा. इतरत्र भूखंडमंच समुद्राकडे खोल होत जातो आणि त्याची कड साधारण १३० मीटरवर असते. अंटार्क्टिकाचा मंच सरासरी ५०० मीटर खोल, तोही जमिनीकडे जास्त: आत खरवड, बाहेर भर, शिवाय बर्फाच्या वजनाने दबलेला कातळ.

पाणी नळीने काढा. टँक तिरकी केलीत तर उतारावरचा ढीग घसरतो. नॉर्वेजवळ स्टोरेगा इथे सुमारे ८,००० वर्षांपूर्वी असाच उतार कोसळला आणि त्सुनामी आली.