डबाबंद टोमॅटो की कच्चा कांदा? तुलना अशी करा
दोन्ही १०० ग्रॅम वजनावर मोजा. वाटीने मोजलं तर डब्यातल्या रसामुळे हिशेब चुकतो. कांद्यात सुमारे ४० कॅलरी, टोमॅटोत त्याच्या निम्म्याच. क जीवनसत्त्व दोन्हींत थोडंच.

खरा फरक मिठाचा. कांद्यात सोडियम जेमतेम ४ मिलिग्रॅम, मीठ घातलेल्या डब्यात बहुधा शंभराच्या वर. लेबलावरचे आकडे १०० ग्रॅमचे की एका सर्व्हिंगचे, तेही बघा. अशा डबाबंद टोमॅटोच्या भाजीत वरून मीठ चाखूनच घाला.

टोमॅटो डब्यात भरताना तापवलेला असतो, म्हणून त्यातलं लायकोपीन (टोमॅटोला लाल रंग देणारं द्रव्य) शरीराला सहज मिळतं; चमचाभर तेलात परतलात तर आणखी. कांद्यात लायकोपीन नाही, क्वेर्सेटिन (वनस्पतींतलं एक अँटिऑक्सिडंट) आहे, तेही बाहेरच्या पाकळ्यांत जास्त. सोलताना फक्त कोरडं साल काढा, रसरशीत पाकळी टाकू नका.