दुसरा मॉनिटर लावताय? ग्राफिक्स कार्डावर पैसे घालण्याआधी या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांच्या ऑफिसात हल्ली एका टेबलावर दोन स्क्रीन दिसायला लागलेत. हिशेबनीस एकीवर टॅली उघडतो, दुसरीवर जीएसटीचं पोर्टल. जॅकार्डचं (विणतानाच कापडात उठणाऱ्या नक्षीचं) डिझाइन करणारा एकीवर नक्षी भरतो आणि दुसरीवर पार्टीने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो ठेवतो. एवढ्या कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेला साधा डेस्कटॉप पुरतो. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरचं ग्राफिक्स दोन स्क्रीन चालवत होतं, २०१२ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीपासून तीनची सोय आहे. तरी माणसं कार्डाची चौकशी करत नव्या पेठेत हिंडतात, कारण दुसरी स्क्रीन काळीच राहते. बहुतेक वेळा घोळ केबलमध्ये नाहीतर सेटिंगमध्ये असतो.

स्प्लिटर

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. सीपीयूला एचडीएमआय एकच आहे, म्हणून दुकानातून एकाचे दोन करणारा स्प्लिटर आणतात. लावल्यावर दोन्ही मॉनिटर चालू होतात, दोन मिनिटं आनंदाची जातात आणि मग हाक येते, "अण्णा, दोन्हीकडं एकच दिसायलंय की!" दिसणारच. स्प्लिटर एकाच चित्राच्या दोन प्रती काढतो. हॉलमध्ये दोन टीव्हीवर एकच मॅच दाखवायची असेल तर तो कामाचा. वेगवेगळी स्क्रीन हवी असेल तर मदरबोर्डवरून (सीपीयूच्या डब्यातल्या मुख्य पाटीवरून) दोन वेगवेगळ्या पोर्टमधून दोन केबल निघायला हव्यात. व्हीजीएच्या वाय केबलचंही हेच.

तेव्हा आधी सीपीयू फिरवून मागे काय काय आहे ते बघा. निळं, पंधरा भोकांचं ते व्हीजीए. पांढरं किंवा काळं, रुंद ते डीव्हीआय. एचडीएमआय सगळ्यांना ओळखू येतं. ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड ब्रँडेड मशीनवर आयतासारखं, पण एकच कोपरा कापलेलं पोर्ट असतं. ते डिस्प्लेपोर्ट. पुष्कळ जण त्याला "वेगळ्या टाइपचं यूएसबी" समजून सोडून देतात आणि दुसरं पोर्टच नाही म्हणतात.

कन्व्हर्टरची दिशा

मागे एचडीएमआय रिकामं आहे आणि हाताशी जुना व्हीजीए मॉनिटर आहे, तर कन्व्हर्टर लागणारच. एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल येतो, व्हीजीएला ॲनालॉग लागतो, मधे चिप हवी. नुसती दोन टोकं जोडलेली स्वस्त केबल इथे चालत नाही. शिवाय हा कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतो. सीपीयूकडे एचडीएमआय आणि मॉनिटरकडे व्हीजीए असेल तर "एचडीएमआय टू व्हीजीए" मागायचा. "व्हीजीए टू एचडीएमआय" हा वेगळा माल आहे आणि दिसायला जवळपास तसाच. चित्र येतं-जातं करत असेल तर कन्व्हर्टरच्या बाजूला छोटं पॉवरचं भोक आहे का पाहा. एचडीएमआय पोर्टमधून मिळणारी वीज काही कन्व्हर्टरना पुरत नाही, तिथे यूएसबीची केबल जोडावी लागते.

डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय मॉनिटरला जाणारी साधी केबल सहसा चालते. तीच उलटी लावून सीपीयूच्या एचडीएमआयवरून डिस्प्लेपोर्ट मॉनिटर चालवायला गेलात तर काळं. डीव्हीआयच्या सपाट फटीभोवती चार टाचण्यांची भोकं नसतील तर ते फक्त डिजिटल आहे. त्याला व्हीजीएचं साधं टोपण लावून काही उपयोग नाही.

प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर

नवीन मशीन बांधून घेताना हे विचारा. इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्सच नाही. मदरबोर्डवर एचडीएमआय असलं तरी ते मुकं. एएमडीच्या रायझनमध्ये ५६००जीला ग्राफिक्स आहे, ५६००ला नाही. एफवाला थोडा स्वस्त पडतो म्हणून दुकानदार तोच पुढे करतो. हिशेबाच्या मशीनला तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कार्ड आधीच बसवलेलं असेल आणि एक मॉनिटर कार्डाला, एक मदरबोर्डला लावला असेल, तर मदरबोर्डचं पोर्ट बंद राहू शकतं. कार्ड दिसलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स झोपवतात. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) मल्टी-मॉनिटर नावाचं सेटिंग शोधून चालू करा. त्याहून सोपं म्हणजे दोन्ही केबल कार्डालाच लावा.

विंडोज नव्याने टाकल्यावर

केबल बरोबर, मॉनिटर बरोबर, पण सेटिंगमध्ये स्क्रीन एकच दिसते. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडाप्टर्स उघडा. तिथे "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर" असं लिहिलेलं असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते ग्राफिक्स चालवायला लागणारं सॉफ्टवेअर, बसलेलाच नाही, आणि त्याशिवाय दुसरी स्क्रीन वेगळी चालणार नाही. इंटेल किंवा एएमडीच्या अधिकृत साइटवरून ड्रायव्हर टाका, मशीन रीस्टार्ट करा. मग विंडोज आणि पी ही बटणं एकदम दाबून एक्सटेंड (दोन्हीकडे वेगवेगळं) निवडा. माउस उलट्या बाजूने बाहेर पडत असेल तर डिस्प्ले सेटिंगमधले १ आणि २ चे चौकोन टेबलावरच्या मांडणीप्रमाणे सरकवा.

बायोसमध्ये जाऊन ग्राफिक्सची मेमरी वाढवायचा सल्लाही खूप जण देतात. हिशेब करून बघा: १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एका स्क्रीनच्या चित्राला साधारण ८ एमबी. दुसऱ्या स्क्रीनसाठी ५१२ एमबी अडवून ठेवायची गरज नाही. ४ जीबीच्या मशीनमध्ये तेवढी रॅम कामातून जाते आणि क्रोम रखडतो. पैसे घालायचेच असतील तर रॅमची दुसरी कांडी घ्या. दोन कांड्या जोडीने चालल्या की आतल्या ग्राफिक्सलाही त्याचा फायदा होतो, कारण ते तीच रॅम वापरतं.

दुसरी स्क्रीन ४के असेल आणि माउस ओढल्यासारखा चालत असेल, तर ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये हर्ट्झ, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नवं होतं, ते बघा. जुन्या बोर्डावरचं एचडीएमआय १.४ हे ४केला ३० हर्ट्झच देतं. तिथे डिस्प्लेपोर्ट वापरा, नाहीतर रिझोल्युशन उतरवा.

"टॅली उघडतच नाही"

मार्चअखेरीला हा फोन हमखास येतो. आयकॉनवर क्लिक केलं, खाली पट्टीवर टॅली दिसतंय, पण स्क्रीनवर काही नाही. टॅली उघडलेलं असतं, बंद ठेवलेल्या दुसऱ्या मॉनिटरवर. मॉनिटरचं बटण बंद केलं तरी केबल लागलेली असल्यामुळे विंडोजच्या लेखी तो पुष्कळदा चालूच असतो, व्हीजीएवर तर फार. खालच्या पट्टीवर टॅलीला एकदा क्लिक करा आणि विंडोज, शिफ्ट व डावा बाण एकदम दाबा. खिडकी चालू स्क्रीनवर येते. नाही आली तर उजवा बाण. रोज संध्याकाळी दुसरा मॉनिटर बंद करायची सवय असेल, तर आधी विंडोज-पी दाबून "पीसी स्क्रीन ओन्ली" निवडा, मग बटणाला हात लावा.