न्यू जर्सीची टपाली मतपत्रिका: सॅनिटायझर बाजूला ठेवा, सही सांभाळा

२०२० मध्ये, करोनाच्या साथीत, तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांच्या आदेशामुळे न्यू जर्सीतल्या प्रत्येक सक्रिय मतदाराच्या घरी ३ नोव्हेंबरच्या निवडणुकीची मतपत्रिका टपालाने आली होती. तुम्ही ती मागवली होती की नाही, याचा प्रश्नच नव्हता. घरात आजी-आजोबा असतील किंवा कोणी विलगीकरणात असेल, तर ३ नोव्हेंबरला रांगेत उभं राहायची गरज नव्हती. केंद्रावर गेलं तरी बहुतेकांच्या हाती कागदी प्रोव्हिजनल (तात्पुरती, पडताळणीनंतर मोजली जाणारी) मतपत्रिकाच पडणार होती. खालचा सल्ला त्या निवडणुकीसाठीचा.

आधी करोनाचं उरकून घेऊ. पाकिटावर फवारा मारू नका, ते मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. कागदावरून लागण होण्याची शक्यता फार कमी आहे. ओल्या मतपत्रिकेची शाई मात्र नक्की पसरते आणि अशी मतपत्रिका मोजणीच्या यंत्रात अडकते. हात धुवा, कोरडे करा, मग बसा. पाकिटाचा गोंद जिभेने नाही, ओल्या स्पंजने भिजवा. तेव्हा व्हॉट्सॲपवर निर्जंतुकीकरणाचे लांबलचक व्हिडिओ फिरत होते, पण सहीबद्दल त्यांत एक वाक्य नव्हतं.

काळ्या किंवा निळ्या पेनने गोल भरा. कागद उलटून मागची बाजूही बघा.

आता खरी अडचण. भरलेली मतपत्रिका आतल्या पाकिटात जाते. या पाकिटाला एक प्रमाणपत्र जोडलेलं असतं, त्यावर नाव, पत्ता आणि सही करायची असते. ते फाडून वेगळं करता येईल असं दिसतं, आणि लोक फाडतातही. त्यांचं म्हणणं असतं, "माझं नाव मताला चिकटलेलं कशाला?" फाडू नका. सही तपासून झाली की निवडणूक मंडळाचे लोकच ते वेगळं काढतात, त्यानंतर पाकीट उघडतं. तुम्ही आधीच फाडलंत, तर मत बाद होऊ शकतं.

आणि सही. मंडळाकडे तुमची मतदार नोंदणीची सही असते, तिच्याशी ही ताडून बघतात. मे २०२० मध्ये न्यू जर्सीतल्याच पॅटर्सन शहराची नगरपालिका निवडणूक टपालाने झाली, तेव्हा सुमारे १९ टक्के मतपत्रिका मोजल्याच गेल्या नाहीत. सह्या न जुळणं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

आपल्या लोकांचा घोळ इथेच होतो. कोणी नागरिकत्व मिळालं तेव्हा फॉर्मवर ऐटीत पूर्ण नाव लिहिलेलं असतं आणि आता बँकेतली आखूड सही ठोकतात. कोणी लायसन्ससोबतच मतदार नोंदणी करताना काचेच्या पट्टीवर कशीबशी रेघ ओढलेली असते. आमच्या शेजारच्या काकूंनी नोंदणीच्या वेळी देवनागरीत सही केली होती. मुलगा त्यांना सांगत होता, "आई, इंग्रजीत कर, त्यांना कळायला पाहिजे." मी म्हटलं, काकू, तुमची होती तीच करा. तपासणाऱ्याला ती वाचायची नसते, फक्त जुन्या सहीशी जुळवायची असते.

म्हणून लायसन्स समोर ठेवा. नोंदणी कधी आणि कुठे केली ते आठवा. आधी रद्दी कागदावर दोन-तीनदा गिरवा, मगच प्रमाणपत्राला हात लावा. हात थरथरत असेल तर घाई नको, पण आई-बाबांच्या वतीने सही तुम्ही करायची नाही. कधीच नाही. गोल भरायला मदत केली असेल, तर मदतनीसाची वेगळी जागा आहे, तिथे तुमचं नाव आणि सही द्या. सही बदलायची म्हणून ऐनवेळी नवा नोंदणी फॉर्म भरण्यात अर्थ नव्हता. २०२० मध्ये नोंदणीची मुदत १३ ऑक्टोबरला संपली होती, त्या खेपेला जुनीच सही चालवायची होती.

नवरा-बायकोने एकाच टेबलावर एकाच वेळी पाकिटं भरू नयेत, हे माझं ठाम मत. पाकिटांवर नावं वेगळी असतात, गप्पांच्या नादात अदलाबदल होते आणि दोन्ही मतं धोक्यात येतात. आधी एकाचं चिकटवा, मग दुसऱ्याचं उघडा.

आतलं पाकीट बाहेरच्यात घाला. त्यावर टपालखर्च आधीच भरलेला आहे.

परत द्यायला मी ड्रॉप बॉक्सच (भरलेल्या मतपत्रिका टाकायची सरकारी पेटी) सुचवेन. तिथे कॅमेऱ्याची नजर असते आणि २०२० मध्ये ३ नोव्हेंबरला रात्री ८ पर्यंत पाकीट टाकता येत होतं. टपालाने पाठवलं तर त्याच तारखेपर्यंतचा शिक्का हवा होता आणि पाकीट १० नोव्हेंबरच्या रात्री ८ पर्यंत पोचायला हवं होतं. शेवटच्या दिवशी निळ्या टपालपेटीत टाकणाऱ्यांनी पेटीवरची उचलण्याची वेळ वाचावी. शेवटची गाडी गेली असेल तर शिक्का दुसऱ्या दिवशीचा पडेल. आधीच खर्च भरलेल्या पाकिटावर कधी कधी शिक्का उमटतच नाही, हेही लक्षात असू द्या.

तुम्ही विलगीकरणात असाल तर पाकीट बंद करून दाराबाहेर ठेवा, शेजाऱ्याला नेऊ द्या. नेणाऱ्याने बाहेरच्या पाकिटावर आपलं नाव, पत्ता आणि सही द्यायलाच हवी. एका माणसाला इतरांच्या तीनच मतपत्रिका नेता येतात. एकाच घरातल्या जवळच्या कुटुंबीयांच्या असतील तर पाच. आपल्या मराठी मंडळातल्या सगळ्या आजोबांची पाकिटं गोळा करून नेणारा उत्साही कार्यकर्ता इथे कामाचा नाही.

नंतर राज्याच्या संकेतस्थळावर मतपत्रिकेची स्थिती बघत राहा. सहीवरून अडली तर निवडणूक मंडळाचं पत्र येतं. २०२० मध्ये त्यातला फॉर्म भरून, ओळखपत्राची माहिती देऊन १८ नोव्हेंबरपर्यंत परत करता येत होता. म्हणूनच मतदानानंतरही टपालात आलेली कुठलीही सरकारी दिसणारी पाकिटं न उघडता टाकू नका.