शुक्राणूविना स्त्रीबीज जागं करताना

म्हशीचं पक्व स्त्रीबीज विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर अडून बसलेलं असतं. शुक्राणू आत शिरला की त्याच्यातलं पीएलसी-झीटा हे विकर आयपी-३ नावाचा निरोप्या रेणू तयार करतं, आणि साठ्यातलं कॅल्शियम लाटांनी बाहेर पडतं. क्लोनिंगमध्ये शुक्राणू नसतोच. कर्नालला २००९ मध्ये गरिमा ही क्लोन केलेली पारडी जन्मली, तिच्याही भ्रूणाला हा निरोप बाहेरूनच द्यावा लागला.

कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतली बीजं ३८.५ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये २४ तास पिकवा. हायल्युरोनिडेज या विकराच्या द्रावणात पिपेटने वरखाली करून भोवतालच्या पेशी सोडवा. मग एकेक बीज फिरवून पाहा. कडेला पहिला ध्रुवीय पिंड, म्हणजे विभाजनात बाहेर टाकलेली छोटी पेशी, दिसला तरच घ्यायचं. मेदामुळे म्हशीचं बीज काळपट दिसतं, त्यावरून ते वाईट ठरवू नका.

आता आयनोमायसिन, म्हणजे बीजात कॅल्शियम उसळवणारं रसायन: ५ मायक्रोमोलर, ५ मिनिटं. डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेले त्याचे छोटे साठे फ्रीझरमध्ये, उजेडापासून दूर ठेवा. ५ मिनिटांत उचलून होतील तेवढीच बीजं एका थेंबात सोडा. मी नवशिक्यांना दहाच देते. नंतरची धुलाई उरकून टाकायची नाही. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) जास्त असलेल्या माध्यमाचे तीन थेंब ओळीने घ्या, कारण ते प्रथिन उरलेलं आयनोमायसिन धरून ठेवतं. आयनोमायसिन बीजासोबत पुढे गेलं तर बीज मरतं.

आयनोमायसिनने कॅल्शियम एकदाच उसळतं. शुक्राणूच्या लाटा तासन्‌तास चालतात. एवढ्याशा धक्क्याने जागं झालेलं बीज पुन्हा अडून बसू शकतं. म्हणून लगेच २ मिलिमोलर सिक्स-डीएमएपी या रसायनात ४ तास ठेवायचं. ते बीजाला अडवून धरणाऱ्या कायनेज विकरांना रोखतं आणि दुसरा ध्रुवीय पिंडही बाहेर पडू देत नाही, त्यामुळे गुणसूत्रांचे दोन्ही संच आतच राहतात. पुन्हा धुऊन संवर्धन माध्यमात हलवा.

शेजारी नुसत्या डीएमएसओची एक थाळी हवीच, ती टाळलेली मला चालत नाही. तिथेही बीजं विभागली, तर ती जुनी झालीत किंवा हाताळताना गारठलीत, आणि तुमच्या रसायनाला श्रेय देता येणार नाही. विभाजन ४८ तासांनी मोजा, ब्लास्टोसिस्ट (आत पोकळी झालेले भ्रूण) सातव्या-आठव्या दिवशी.

अशा भ्रूणापासून पारडू होत नाही. पित्याकडून येणाऱ्या जनुकीय खुणा त्यात नसतात. पण आयनोमायसिनची नवी बाटली आली की आधी अशाच बीजांवर तपासा, क्लोन केलेल्या भ्रूणांना ती नंतर लावा.