संशोधन प्रकल्पाचा विषय कसा ठरवावा: ‘पाणीटंचाई’पासून अठरा विहिरींपर्यंत

नव्या शैक्षणिक धोरणानंतर फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण), संशोधन प्रकल्प हे शब्द पदवीच्या मुलांच्या रोजच्या बोलण्यात आले आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण असले, तर चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येते. विद्यापीठांची ‘आविष्कार’ स्पर्धा तर आधीपासून आहेच. विशीतल्या मुलामुलींना स्वतः काही शोधून काढायची संधी मिळते आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. म्हणूनच विषयांच्या याद्या पाहिल्या की वाईट वाटते. ‘महिला सक्षमीकरण : एक अभ्यास’, ‘सोशल मीडियाचा तरुणांवरील परिणाम’, ‘ग्रामीण भागातील पाणीटंचाई : समस्या व उपाय’. दरवर्षी तेच. या शीर्षकांत नक्की काय शोधायचे आहे ते कुठेच सापडत नाही, आणि मग अहवालाची ऐंशी पाने इकडूनतिकडून आणलेल्या मजकुराने भरली जातात.

विषय ठरवण्याची रीत एका उदाहरणावरून दाखवतो. घरी शेती असलेली, भूगोल किंवा अर्थशास्त्र घेतलेली एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर ठेवा. तिला पाण्यावर काम करायचे आहे.

शीर्षक बाजूला ठेवा, प्रश्न लिहा

कोऱ्या कागदावर विषयाशी संबंधित दहा-बारा प्रश्न लिहून काढा. अट एकच: प्रत्येक वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह हवे. ‘जलसंधारणाचे महत्त्व’ चालणार नाही. ‘आमच्या ओढ्याचे खोलीकरण झाले, त्यानंतर विहिरी जास्त दिवस टिकतात का?’ हे चालेल.

आता प्रत्येक प्रश्नाला विचारा: याचे उत्तर ‘नाही’ असे येऊ शकते का? ‘पाणी शेतीसाठी महत्त्वाचे आहे का?’ याचे उत्तर ‘नाही’ येणारच नाही, तेव्हा तो काढून टाका. खोलीकरणाच्या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे झुकू शकते, म्हणून त्यात शोधण्यासारखे काही आहे. माझ्या मते विषयनिवडीतली ही सगळ्यात महत्त्वाची कसोटी आहे. उत्तर आधीच ठरलेले असेल तर गावात जायचे कशाला?

दुसरी कसोटी आवाक्याची. हाताशी एक सत्र आहे, एसटीचे भाडे खिशातून जाणार आहे आणि मदतीला फार तर एक मैत्रीण. त्यात ‘महाराष्ट्र’ किंवा ‘मराठवाडा’ बसत नाही. तालुकासुद्धा मोठाच. एक गाव, एक ओढा, पंधरा-वीस विहिरी (समजा अठरा), मार्च ते मे एवढा काळ. हे नीट होऊ शकते.

प्रश्न आणखी कापा

‘विहिरी जास्त दिवस टिकतात का’ यात अजून गोची आहे. ‘जास्त’ म्हणजे कशापेक्षा? खोलीकरणाआधीच्या नोंदी गावात बहुधा कोणाकडेच नसतात. शेतकरी सांगतील, ‘पूर्वी होळीलाच तळ दिसायचा.’ ही आठवण मोलाची आहे, ती वहीत लिहून घ्यावीच, पण तिला मोजमाप म्हणता येत नाही.

मग तुलना कशाशी करायची? पहिला विचार असा येतो की ओढ्याजवळच्या आणि ओढ्यापासून लांबच्या विहिरी ताडून पाहू. इथे फसगत होते. ओढ्याकाठच्या विहिरींना खोलीकरण झाले नसते तरीही पाणी जास्तच असते. फरक दिसेल, पण तो कशामुळे आला हे सांगता येणार नाही. त्याऐवजी दोन्ही गट काठावरचेच घ्या: एक खोलीकरण झालेल्या पट्ट्यातला, दुसरा त्याच ओढ्याच्या न खोदलेल्या पट्ट्यातला. तरीही वरच्या अंगाची विहीर आणि खालच्या अंगाची विहीर सारखी नसते. कोणाच्या रानात ऊस उभा असेल, कोणाच्या रानात हरभरा काढून झाला असेल, आणि उसाची विहीर लवकर उतरणारच. म्हणून प्रत्येक विहिरीसमोर पीक, पंपाची अश्वशक्ती आणि जवळपास किती बोअर आहेत हे लिहायला हवे.

एवढे झाल्यावर प्रश्न असा उभा राहतो: ‘एकाच ओढ्याच्या खोलीकरण झालेल्या आणि न झालेल्या पट्ट्यांत, काठापासून साधारण सारख्या अंतरावरच्या विहिरींची पाणीपातळी मार्च ते मे या काळात वेगवेगळ्या वेगाने उतरते का?’ वाक्य लांब आहे, असू द्या. कुठे जायचे, काय मोजायचे, कधी मोजायचे आणि कशाशी ताडायचे हे सगळे त्यात आले. शीर्षक यातूनच आपोआप निघते.

आधी कोणी काय म्हटले आहे

पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे पंधरा पुस्तकांतल्या व्याख्या एकाखाली एक लिहिणे, असा समज कसा पसरला कोण जाणे. आढाव्याचे काम वेगळे आहे. आपल्या प्रश्नावर कोणाचे काय मत आहे आणि ते कुठे जुळत नाही, हे त्यातून कळायला हवे.

खोलीकरणाबाबत वाद चांगलाच रंगलेला आहे. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर भागात नाले खोल-रुंद करून पाणी जिरवण्याचा जो प्रयोग झाला, तो ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजला. डिसेंबर २०१४ मध्ये राज्य सरकारचे जलसंधारणाचे जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले आणि गावोगावी पोकलेन आले. पुढे २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या (सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या) अहवालाने सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढण्यावर या अभियानाचा फारसा परिणाम दिसला नाही, असे म्हटले. २०२३ मध्ये अभियानाचा दुसरा टप्पा आला. म्हणजे हा प्रश्न अजून मिटलेला नाही, आणि अठरा विहिरींच्या नीट नोंदी त्यात खरोखर भर घालू शकतात. आढाव्यात हे लिहा.

शोधायचे कुठे? ‘शोधगंगा’वर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध मोफत वाचता येतात. आपल्या जिल्ह्याचे नाव आणि ‘भूजल’ असे मराठीतून टाका, मग इंग्रजीतूनही टाका. प्रबंध अख्खा वाचू नका. माहिती कशी गोळा केली ते प्रकरण आणि शेवटची ‘पुढील संशोधनाच्या दिशा’ एवढे वाचा. कितीतरी चांगले प्रश्न तिथे लिहून ठेवलेले असतात आणि पुढे कोणी हात लावलेला नसतो. जिल्ह्याचे गॅझेटियर, २०११ ची जिल्हा जनगणना पुस्तिका, तालुक्याच्या वाचनालयातली जुनी स्मरणिका, हेही चाळा.

वाचताना जे उतरवून घ्याल त्यापुढे लगेच पुस्तक आणि पान लिहा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) वाङ्मयचौर्याबाबतच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दुसऱ्याच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही, त्यापुढे पायरीपायरीने कारवाई आहे. पण आकड्याच्या भीतीपेक्षा दुसऱ्याच्या मेहनतीला तिचे नाव देणे महत्त्वाचे.

माहिती मिळेल ना, हे आधी पाहा

मार्गदर्शकांची सही घेण्यापूर्वी हे तपासा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत आणि त्यांची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजली जाते. आपल्या गावात किंवा शेजारच्या शिवारात अशी विहीर असेल, तर जुन्या वर्षांचा अंदाज तिच्यावरून येतो. महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे कृषी विभागाच्या संकेतस्थळावर असतात. कोणते काम कुठे झाले याची यादी ग्रामपंचायतीत किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. महाविद्यालयाचे पत्र सोबत असले की बहुतेक ठिकाणी लोक आपुलकीने मदत करतात. अगदीच अडले तर माहितीचा अधिकार आहे, पण त्यात उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. अर्ज एप्रिलमध्ये टाकून भागत नाही.

एखादी माहिती मिळणारच नाही असे दिसले, तर प्रश्न बदला. या टप्प्यावर प्रश्न बदलायला एक संध्याकाळ पुरते.

शिवारात उतरल्यावर

मोजमाप हा प्रकल्पाचा प्राण आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. विहिरीची पातळी मोजायला तीस मीटरची टेप आणि तिच्या टोकाला बांधलेले वजन पुरते. टेपच्या शेवटच्या भागाला खडू चोळा, ओला झालेला भाग लगेच ओळखू येतो. माप कठड्याच्या वरच्या कडेपासून घ्या, मग कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करा. प्रत्येक वेळी त्याच जागेवरून मोजायचे, म्हणून कठड्यावर ऑइलपेंटचा एक ठिपका मारून ठेवा. मालकाला विचारून. काही विहिरींना कठडा नसतो, तिथे एकट्याने जायचे नाही आणि काठावर वाकायचे नाही.

वेळ सांभाळणे त्याहून अवघड. मोटार चालू असताना किंवा नुकतीच बंद झाल्यावर घेतलेले माप कुचकामी असते, कारण झऱ्यांचे पाणी भरून यायला वेळ लागतो. अनेक गावांत शेतीची थ्री-फेज लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी सहाला गेलात तर विहीर रात्रभर उपसून रिकामी झालेली दिसेल. तेव्हा लाइटीचे वेळापत्रक आधी समजून घ्या आणि सगळी मापे दिवसपाळीच्या आठवड्यात, मोटारी सुरू होण्याआधी घ्या. ही गोष्ट पुस्तकात सहसा सापडत नाही, गावातला कोणीही शेतकरी मात्र एका वाक्यात सांगतो. म्हणून पहिली फेरी मोजण्यासाठी नसावीच. नुसते फिरा, ऐका.

विहिरीत डोकावून दिसेल तेही टिपा: मुरूम कुठवर आहे, काळा पाषाण कुठून लागतो, मधे मांजऱ्या म्हणजे मऊ खडकाचा थर आहे का, झरे कोणत्या अंगाला आहेत, आडवे बोअर मारले आहेत का. दख्खनच्या बेसाल्टमध्ये शेजारशेजारच्या दोन विहिरींचे पाणी वेगळे असण्याचे कारण अनेकदा इथेच असते. शेतकरी खोली परसात (पुरुषभर उंचीचे जुने माप) किंवा फुटात सांगतील, त्यांनी सांगितले तसे लिहा आणि शेजारी टेपचे माप मीटरमध्ये लिहा.

ज्यांच्या विहिरी मोजणार त्यांना आपण कोण, कशासाठी आलो, नाव छापणार की नाही, हे पहिल्याच भेटीत सांगा. अहवालात विहिरींना वि-१, वि-२ असे क्रमांक द्या. बोअर किती, पाणी किती, ऊस किती, हे प्रश्न गावात भाऊबंदकीपर्यंत पोचतात. एकाची माहिती दुसऱ्याच्या ओट्यावर बोलायची नाही.

शेती-पाण्याशी संबंध नसेल तर

रीत तीच. वाणिज्य शाखेत ‘डिजिटल पेमेंटचा परिणाम’ याऐवजी असे विचारा: आठवडी बाजारातल्या भाजीवाल्या मावशींना दिवसभरात यूपीआयने आलेले पैसे दुसऱ्या दिवशी पहाटे अडत्याकडे वापरता येतात का, की तिथे रोखच लागते? यूपीआय २०१६ मध्ये आले. त्याआधीपासून धंदा करणारी माणसे बाजारात बसलेली आहेत, त्यांना विचारता येते. मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी जात्यावरच्या ओव्यांचा मोठा खजिना ‘पारी’च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ध्वनिमुद्रणांसह खुला आहे. ‘ओव्यांतील स्त्रीजीवन’ हा विषय फार विस्तीर्ण झाला. एकाच तालुक्यातल्या ओव्या घेऊन, त्यांत भावाकडून कोणत्या अपेक्षा येतात आणि नवऱ्याचा उल्लेख कुठे-कसा येतो, एवढेच तपासले तरी एक सत्र भरून जाते.

गुगल फॉर्मबद्दल एक कळकळीची विनंती. फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून आलेली पन्नास उत्तरे ही आपल्या ओळखीच्यांची उत्तरे असतात. त्यावरून ‘तरुणांचे मत’ असे लिहू नका. दहा माणसांशी समोर बसून अर्धा-अर्धा तास बोललात, तर हाती कितीतरी जास्त लागेल.

आराखडा एका पानात

मार्गदर्शकांकडे जाताना एकच पान न्या. वर प्रश्न. त्याखाली हा प्रश्न का विचारावासा वाटला, ते तीन-चार ओळींत. मग आधीचे काम कुठवर आले आहे. मग गृहीतक, उदाहरणार्थ ‘खोलीकरण झालेल्या पट्ट्यातली पातळी सावकाश उतरेल’. ते खोटे ठरले तरी प्रकल्प नापास होत नाही, उलट असा निष्कर्ष प्रामाणिकपणे मांडलेला अहवाल मला जास्त आवडतो. त्याखाली विहिरी कशा निवडल्या आणि का. शेवटी कोष्टकाचा कोरा नमुना: विहीर क्रमांक, तारीख, वेळ, माप, पीक, मोटार शेवटची कधी चालली. कोष्टक आधी आखले की कोणती माहिती राहून जाते आहे ते तिथेच दिसते.

या अभ्यासातून काय सांगता येणार नाही, हेही त्या पानावर लिहा. अठरा विहिरींवरून एका ओढ्याबद्दल बोलता येते, जिल्ह्याबद्दल नाही. एका उन्हाळ्यावरून पुढच्या दुष्काळाबद्दलही नाही.

वेळापत्रक उलटे मोजत आखा. अहवाल मेअखेर द्यायचा असेल, तर लेखनाला निदान तीन आठवडे हवेत. म्हणजे शेवटचे माप मेच्या पहिल्या आठवड्यात. दर पंधरवड्याला एक फेरी धरली तर पहिले माप मार्चच्या सुरुवातीला, ओळखीची फेरी आणि चाचणी फेब्रुवारीत, वाचन आणि कार्यालयांना पत्रे जानेवारीत. बहुतेक गावांत १ मेला ग्रामसभा असते. तोवरच्या मापांचा एक तक्ता मोठ्या अक्षरात करून सरपंचांच्या परवानगीने तिथे लावा. आपली विहीर कोणती हे मालक क्रमांकावरून ओळखतील, चुकलेले माप तिथल्या तिथे दाखवतील, आणि ती दुरुस्ती करायला हाताशी अजून एक फेरी शिल्लक असेल.