पावसाळ्यानंतरच्या पहिल्या उड्डाणाआधी: लायफे बॅटरीची तयारी

ऑक्टोबर उजाडला, मैदानावरचा चिखल वाळला की पुण्यात आपल्या मंडळींचे फोन सुरू होतात, "रविवारी येतोयस ना?" जायचंच. पण चार महिने माळ्यावर पडलेल्या, रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाच्या तयारीला शनिवारी दुपारीच बसा, आणि सुरुवात बॅटरीपासून करा. ज्यांच्या विमानात रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा) आणि सर्व्होसाठी (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) दोन सेलचा लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक, म्हणजे आपला लायफे, आहे त्यांच्यासाठी हे.

पॅक बाहेर काढून नीट बघा. फुगलाय का, वायर कुठे सोललीय का, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर आलाय का? मग बॅलन्स लीडवर, म्हणजे प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक वायरींच्या प्लगवर, प्रत्येक सेल वेगळा मोजा. 3.2 ते 3.3 व्होल्ट असतील तर ठीक. एखादा 2 च्याही खाली गेला असेल तर तो पॅक विमानात घालू नका, चार्ज करून वर आला तरी नाही.

चार्जरच्या मेनूत लायफे निवडलंय ना, हे दोनदा वाचा. लायफेचा सेल 3.6 व्होल्टला भरतो, लायपोचा (लिथियम पॉलिमर) 4.2 ला. चुकून लायपोवर राहिलं तर चार्जर दोन सेल 8.4 पर्यंत रेटत नेतो आणि पॅक मरतो. 2100 एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे क्षमता) पॅकला 2.1 अँपिअर पुरे, तेही बॅलन्स लीड लावून.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चार्जरवरून काढल्यावर 7.2 दिसणारा पॅक थोड्या वेळात 6.7 च्या आसपास येतो, आणि मग जवळजवळ रिकामा होईपर्यंत तिथेच घुटमळतो. म्हणून मैदानावर मीटर लावून "6.6 आहे, अजून एक फेरी होईल" असं कधीही ठरवू नका. मी ठरवलं होतं. तिसऱ्या वळणावर सर्व्हो मंदावले आणि विमान ज्वारीच्या रानात उतरलं, तेही नाकावर. तेव्हापासून मी व्होल्टवर नाही, वहीवर विश्वास ठेवतो. दहा मिनिटं उडवा, घरी येऊन चार्ज करा आणि चार्जरने किती एमएएच परत भरले ते लिहा. समजा 150 भरले. 2100 पैकी 60 टक्केच वापरायचे ठरवले तर 1260 हाताशी, म्हणजे आठ उड्डाणं. नवव्याचा मोह आवरा. पॅक जुना झाला की त्याची खरी क्षमता चार्जरवर डिस्चार्ज करून पुन्हा काढा, लेबलवर जाऊ नका.

सर्व्होंचं माहितीपत्रक शोधा. पाच सेलचा निकेल पॅक ताजा चार्ज झाला की 7 व्होल्टला टेकतोच, त्यामुळे त्यावर चालणारे बरेच सर्व्हो लायफेवर थेट चालतात. पण फक्त 4.8 व्होल्टचे जुने सर्व्हो असतील तर मध्ये रेग्युलेटर हवाच.

मोटर लायफेवर चालवणाऱ्यांनी ईएससीचं (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) कटऑफ, म्हणजे ज्या व्होल्टला तो मोटर तोडतो ते, आधी बदलावं. चार सेलच्या लायफेला ईएससी चार सेलचा लायपो समजला आणि सेलमागे 3.2 ला तोडायला बसला, तर थ्रॉटल दाबताच मोटर बंद पडेल.

स्विच, सुटे कनेक्टर, सिलिकॉन वायर यांसाठी तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, शनिवारीच चक्कर मारा. पॅक फोममध्ये गुंडाळून वेल्क्रोने घट्ट बांधा आणि गुरुत्वमध्य पुन्हा तपासा, कारण तेवढ्याच क्षमतेच्या लायपोपेक्षा हा पॅक जड असतो. तो लायपोसारखा सहज पेटत नाही, हे त्याचं मोठं सुख आहे. फॉस्फेट आपला ऑक्सिजन धरून ठेवतं. तरी शॉर्ट झाला तर वायर लाल होते, म्हणून उघडे कनेक्टर टोपणाशिवाय पेटीत टाकू नका. आणि पेटी उन्हातल्या बंद गाडीत नको, ऑक्टोबरचं ऊन कमी नसतं.

मैदान नवं असेल तर डिजिटल स्कायचा, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतं ते दाखवणारा सरकारी नकाशा बघा. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, आणि उड्डाणावर निर्बंध असलेल्या लाल-पिवळ्या हद्दी त्याच्यापासून बऱ्याच दूरवर जातात.

रविवारी सकाळी, इंजिन चालू करण्याआधी, ट्रान्समीटरच्या दोन्ही काठ्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जोरात फिरवत मीटरकडे बघा. सगळे सर्व्हो एकदम ओढत असताना आकडा 6 च्या खाली कोसळला, तर आधी स्विच आणि कनेक्टर बदला. मग रिमोटची रेंज तपासा, फेलसेफला, म्हणजे सिग्नल तुटल्यावर, थ्रॉटल बंद होतोय का ते बघा, आणि विमान धावपट्टीवर न्या.