खान्देशातील विद्यापीठांनी संशोधन मिळून खुले कसे करावे

युनेस्कोने नोव्हेंबर २०२१ मध्ये मुक्त विज्ञानाविषयीची, म्हणजे संशोधन व त्यातील विदा (डेटा) सर्वांना खुली ठेवण्याविषयीची, शिफारस स्वीकारली. तिचा लाभ खान्देशात पोहोचवायचा असेल, तर आरंभ केळीसारख्या एका सामायिक विषयापासून करावा. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि खान्देश ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो ते राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी प्रथम लेखी करार करून विदा कोणाची, ती केव्हा खुली होणार आणि श्रेय कोणाला, हे ठरवावे, कारण पुढचे वाद बहुधा याच प्रश्नांवरून होतात.

मोजमापांची एकके दोन्हीकडे सारखी ठेवावीत. एकाने घडाचे वजन किलोत नोंदवले आणि दुसऱ्याने केवळ हेक्टरी टन, तर झाडांची संख्या ठाऊक नसताना विदा खुली असूनही जोडता येत नाही. नमुना कोठून, कधी व कसा घेतला, याचे टिपण प्रत्येक तक्त्यासोबत द्यावे. शेतकऱ्याचे नाव व गट क्रमांक मात्र काढून टाकावेत. ज्याच्या बांधावर आपण उभे राहिलो, त्याची खासगी माहिती उघडी करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग झेनोडोसारख्या खुल्या ऑनलाइन भांडारात विदा ठेवून डीओआय, म्हणजे तिचा कायमस्वरूपी ओळख क्रमांक, घ्यावा आणि इतरांना ती कोणत्या अटींवर वापरता येईल हे सांगणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना स्पष्ट लिहावा. निष्कर्षांचा मराठी सारांश रावेर-यावलच्या केळी उत्पादकांच्या हाती पडेपर्यंत प्रकल्प पूर्ण झाला, असे मानू नये.